मांडीवरून कॉटमध्ये

झोपलेलं बाळ कॉटमध्ये ठेवताना नेमकं कुठल्या क्षणी जागं होतं? विचारलं तर बहुतेक जण सांगतील, पाठ गादीला लागली की. गादी गार लागते म्हणून दचकतं, असं आपण धरून चालतो आणि मग चादर आधी ऊबदार करून ठेवण्याचे, आईची साडी अंथरण्याचे उपाय सुरू होतात. जपानमधल्या रिकेन या संशोधन संस्थेने २१ बाळांच्या हृदयाचे ठोके मोजून हा प्रश्न तपासला. तो अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ठोके वाढायला लागत होते ते पाठ टेकण्याच्या आधीच, बाळाचं अंग आईच्या अंगापासून सुटायला लागलं की. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट घरोघरी उपयोगी पडेल अशी आहे. रडणाऱ्या बाळाला घेऊन ५ मिनिटं एका लयीत चाललं की ते शांत होतं, पुष्कळदा झोपतंही. पण डोळे मिटल्या मिटल्या खाली ठेवलं तर उठतं. झोपल्यावर ५ ते ८ मिनिटं त्याला घेऊन नुसतं बसून राहिलं आणि मग ठेवलं, तर झोप टिकण्याची शक्यता वाढते.

ठेवायचं कसं, हे यावरूनच ठरतं. हात लांब करून बाळाला गादीकडे न्यायचं नाही. त्याच्यासकट आपणच खाली वाकायचं. कठड्यावरून छाती जितकी आत नेता येईल तितकी न्यायची, म्हणजे दोघांमधलं अंतर शेवटच्या क्षणापर्यंत पडत नाही. आधी कुल्ले टेकवायचे, मग पाठ, सगळ्यात शेवटी डोकं. उलटं केलं, म्हणजे डोकं आधी मागे कलंडलं, की तान्ह्या बाळाचे दोन्ही हात झटक्यात बाहेर फेकले जातात आणि त्या झटक्यानेच ते जागं होतं. ही प्रतिक्षिप्त क्रिया जन्मजात असते आणि चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत ओसरते. डोकं टेकलं तरी त्याखालचा हात लगेच ओढायचा नाही. दुसरा हात बाळाच्या छातीवर अलगद ठेवायचा, मग डोक्याखालच्या हाताने गादी किंचित खाली दाबत तो बाजूने सरकवून काढायचा. छातीवरचा हात मिनिट-दोन मिनिटं तसाच. मग हलका, मग नुसती बोटं, मग तीही नाहीत. उंची कमी असलेल्या आईला किंवा आजीला उंच कठडा आडवा येतो. हात अधांतरी राहतात आणि शेवटचे चार-सहा इंच बाळ जवळजवळ सोडलंच जातं. म्हणून पहिल्या महिन्यांत कॉटची फळी सगळ्यात वर लावावी. बाळ हातांवर रेटा देऊन उठायला लागलं, बसायच्या बेतात आलं, की त्याच दिवशी ती खाली घ्यावी. ‘या रविवारी करू’ म्हणू नये.

हे झालं झोपलेलं बाळ हलवणं. कॉटमध्ये झोपायला शिकवणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती का शिकवावी याचं कारण रात्री दोन वाजता कळतं.

मोठ्या माणसाच्या झोपेचं एक आवर्तन साधारण दीड तासाचं असतं, तान्ह्याचं ५० ते ६० मिनिटांचं. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी झोप पातळ होते आणि बाळ थोडं जागं होतं. रात्रभर व्हिडिओ घेऊन केलेल्या अभ्यासांत हे स्पष्ट दिसतं: ‘रात्रभर झोपणारी’ म्हणून जी बाळं नावाजली जातात तीही उठतातच. फक्त ती कुणाला न उठवता परत झोपतात. ज्या बाळाचे डोळे मांडीवर मिटले त्याला जाग आल्यावर मांडी लागते, ज्याचे झोक्यात मिटले त्याला झोका लागतो. कॉटमध्ये मिटले तर जाग आल्यावर सगळं जागच्या जागी असतं. त्यामुळे शिकवायची ती शेवटची दोन-तीन मिनिटं, पेंगण्यापासून झोपेपर्यंतची. बाकी मांडी, खांदा, अंगाई, थोपटणं हे सगळं त्याच्या आधी हवं तेवढं करावं. कॉटची सवय लावायची म्हणजे बाळाला जवळ घ्यायचं कमी करायचं, असा एक समज आहे. तो खोटा आहे आणि त्यापायी कित्येक आया उगाच अपराधी वाटून घेतात.

सुरुवात कधी करावी? पहिल्या तीन महिन्यांत शिकवण्यासारखं फार नसतं. दिवस-रात्रीचं चक्र नुकतं बसत असतं, दर दोन-तीन तासांनी पोट रिकामं होतं, आणि जवळ घेऊन झोपवल्याने काही बिघडत नाही. रोज एखादी झोप कॉटमध्ये झाली तरी पुरे. चार महिन्यांनंतर झोपेची घडण बदलते, ती मोठ्यांच्या झोपेसारखी टप्प्याटप्प्याची होते, आणि तोवर नीट झोपणारी बाळं अचानक दर तासाला उठायला लागतात. पाच-सहा महिने हा शिकवायला चांगला काळ. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर वय जन्मतारखेपासून नव्हे, अपेक्षित तारखेपासून मोजावं. वजन नीट वाढत नसेल, बाळ घोरत असेल, झोपेत श्वास अडकल्यासारखा वाटत असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञ, मग कॉट.

आपल्याकडे या काळात घराचंही बरंच काही हलतं. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाळ सासरी येतं; म्हणजे नेमकी झोप बदलण्याच्या तोंडावर खोली, माणसं, आवाज, पंखा, सगळं नवं. २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळते, पण त्यातले ८ आठवड्यांपर्यंत प्रसूतीच्या आधी खर्च झालेले असू शकतात. मग बाळ चार ते सहा महिन्यांचं असताना आई कामावर रुजू होते आणि दिवसाची झोप आजीकडे, मावशींकडे किंवा पाळणाघराकडे जाते. रुजू व्हायच्या आदल्या आठवड्यात शिकवायला घेणं हा सगळ्यात वाईट मुहूर्त. निदान तीन आठवडे आधी घ्यावं आणि दिवसा जी व्यक्ती सांभाळणार आहे तिच्याच हातून दुपारची झोप सुरू करावी. सासरी आल्यावरही पहिले आठ-दहा दिवस काही शिकवू नये. माहेरची तीच चादर, तीच अंगाई एवढं टिकवावं.

कॉट घेताना दांड्यांमधलं अंतर मोजावं. ४.५ ते ६ सेंटिमीटर ठीक. त्याहून जास्त असेल तर अंग बाहेर सरकून डोकं अडकू शकतं. नातेवाइकांकडून आलेला जुना कॉट असेल तर हे हमखास तपासावं, आणि एक बाजू खाली सरकणारा असेल तर वापरूच नये. ती सरकती बाजू निखळून बाळं अडकल्यामुळे अमेरिकेत २०११ पासून अशा कॉटच्या विक्रीवर बंदी आहे. गादी आणि कडा यांच्यात दोन बोटांपेक्षा जास्त फट नको. गादी कडक हवी: तळहात दाबून उचलला की खळगा राहता कामा नये. कापसाची गादी पहिल्या महिन्यात छान असते, पण चार महिन्यांनी मधोमध बसते. ती पिंजून घ्यावी किंवा बदलावी. मेणकापड चादरीच्या खाली, ताणून, चारी बाजूंनी आत खोचलेलं.

यापुढचं सांगणं पुष्कळ घरांत पटत नाही, पण ते स्पष्ट सांगायलाच हवं. बाळंतविड्यात आलेला उशी आणि लोडांचा सुंदर संच कॉटमध्ये नको. डोकं गोल व्हावं म्हणून केलेली मोहरीची उशी नको. गोधडी, दुपट्याची सैल घडी, आईची साडी, मऊ ससा, काही नको. बाळ रिकाम्या, सपाट, कडक गादीवर, पाठीवर. पोटावर झोपलेलं बाळ अधिक गाढ झोपतं हे खरं आहे आणि धोका त्यातच आहे. श्वासाला अडथळा आला तर त्याला जाग यायला हवी. पाठीवर झोपवण्याची मोहीम अमेरिकेत १९९४ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. डोक्याच्या गोलाईसाठी बाळ जागं असताना, आपल्या डोळ्यांदेखत, दिवसातून थोडा थोडा वेळ पालथं ठेवावं. बाळ स्वतःहून दोन्ही बाजूंना वळायला लागलं की मग रात्रीत किती वेळा पालथं झालं हे पाहत बसायची गरज नाही. ठेवताना मात्र पाठीवरच ठेवावं. गळ्यातला काळा दोरा आणि माळ झोपेच्या वेळी काढावी, कारण दांडीच्या टोकात अडकली तर तिचा फास बसतो. मच्छरदाणी हवीच, पण ताणलेली, बाळाच्या हाताला न लागणारी. छत्रीसारखी मिळते ती मोठ्या पलंगावर ठीक. छोट्या कॉटमध्ये बाळाच्या पायाने ती कलंडते.

घट्ट बांधून ठेवल्याने लहान बाळं शांत झोपतात. पण पाय सरळ आवळून बांधले तर खुब्याच्या सांध्याला इजा होऊ शकते. कमरेखाली दुपटं सैल हवं, गुडघे वाकून बाहेर पडतील इतकं. कुशीवर वळायची पहिली खटपट दिसली की बांधणं बंद.

जायफळाबद्दल वेगळं लिहावं लागतं, कारण ‘झोपत नाही’ म्हटलं की सहाणेवर त्याचे दोन वेढे जास्त द्यायचा सल्ला अजूनही मिळतो. जास्त मात्रेत जायफळ विषारी असतं आणि उगाळलेल्या वेढ्यात किती गेलं हे कुणालाच मोजता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काही लागत नाही, गुटीही नाही. वावडिंग-ओव्याची धुरीही बाळाच्या खोलीत करू नये. धूर इवल्या श्वासनलिकांना सोसत नाही.

आता पहिली झोप कोणती निवडावी. परदेशी सल्ल्यात रात्रीची पहिली झोप सांगतात, कारण तेव्हा झोपेची ओढ सगळ्यात जास्त असते. मराठी घरात त्याहून सोपी वाट आहे: न्हाणं झाल्यावरची झोप. तेल लावून, रगडून, गरम पाण्याने न्हाऊ घातलेलं बाळ दूध पिऊन जे झोपतं ते दोन-दोन तास उठत नाही, आणि ती झोप कित्येक घरांत आधीपासून पाळण्यातच होत असते. तिथूनच धरावं. एक काळजी घ्यावी: दूध पाजणं आणि झोप यांच्यात दहा-पंधरा मिनिटांची फट पाडावी. पाजून झालं की उभं धरून ढेकर काढायची, लंगोट बदलायचा, अंगाई म्हणायची, मग कॉट. पिता पिता झोपलेल्या बाळाला कॉटमध्ये झोपायचा सराव मिळतच नाही, आणि पोटात अडकलेली हवा अर्ध्या तासाने उठवते ती वेगळीच.

ज्या बाळाला झोळीची किंवा झोक्याची सवय आहे, त्याच्या बाबतीत घाई नको. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आधी त्याच पाळण्यात झोका कमी करायचा: तीन दिवस पेंगेपर्यंत झोका देऊन थांबायचं, पुढचे तीन दिवस त्याहून आधी थांबायचं, मग झोका नाही, नुसतं थोपटायचं. बाळ स्थिर पाळण्यात झोपायला लागलं की मग जागा बदलायची. झोका आणि जागा एकाच रात्री काढून घेतली तर बाळ तासभर रडतं आणि सगळे म्हणतात, ‘कॉट याला मानवत नाही.’ झोळीत आणखी एक अडचण आहे. कापड खोलगट होऊन हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते, म्हणून झोळीत झोपलेल्या बाळाजवळ कुणीतरी हवंच.

वेळ चुकली तर बाकी सगळं बरोबर करूनही उपयोग होत नाही. सहा महिन्यांचं बाळ सलग दोन ते अडीच तास जागं राहिलं की झोपेला येतं. नवव्या महिन्यात हे अंतर साधारण तीन तासांचं होतं. नजर एका जागी लागणं, खेळातलं लक्ष उडणं, भुवया लालसर होणं ही पहिली लक्षणं. डोळे चोळणं, कान ओढणं ही नंतरची. पाठ धनुष्यासारखी ताणून किरकिरणं म्हणजे गाडी चुकली. अशा वेळी त्या झोपेपुरती मांडीच बरी. रात्री किती वाजता झोपवावं, यावर आग्रह धरू नये. १७ देश आणि प्रदेशांतल्या बाळांच्या झोपेची एक मोठी पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. न्यूझीलंडमधली बाळं सरासरी साडेसातला झोपत होती, हाँगकाँगमधली सव्वादहाला. बाबा नऊला घरी येत असतील आणि आठ ते नऊ टीव्ही चालू असेल, तर साडेसातचा अट्टहास व्यर्थ आहे. ४ ते १२ महिन्यांच्या बाळाला दिवसभरात मिळून १२ ते १६ तास झोप हवी. ती भरली की झालं.

प्रत्यक्ष शिकवताना पहिल्या तीन-चार रात्री बाळ पेंगुळलेलं पण डोळे उघडे असताना ठेवायचं आणि छातीवर हात ठेवून थोपटायचं. आधी हृदयाच्या ठोक्यांच्या लयीत, मग हळू, आणि डोळे मिटायच्या आधी थोपटणं थांबवून हात नुसता ठेवायचा. पुढच्या तीन-चार रात्री थोपटणं नाही, फक्त हात. त्यापुढे हातही नाही. कॉटला लागून खुर्चीवर बसायचं, नजर दुसरीकडे, आवाज फक्त ‘श्श’ किंवा अंगाईची गुणगुण. मग खुर्ची दाराकडे. एका खोलीच्या घरात दार आणि बाळ यांत अंतरच नसतं. तिथे आपल्या अंथरुणावर पाठ करून पडून राहायचं. कुठल्याही टप्प्यावर बाळ जोरात रडायला लागलं तर उचलायचं, खांद्यावर घ्यायचं, आणि शांत झालं की परत ठेवायचं. झोपेपर्यंत थांबलं की ठेवताना पुन्हा तोच पहिला प्रश्न उभा राहतो. पहिल्या रात्री हे पंधरा-वीस वेळा करावं लागू शकतं. कंबर धरते. दोघांनी पाळीपाळीने करावं.

रडू देण्याच्या पद्धतीवर घराघरांत वाद होतात. ३, ५, १० मिनिटं असं अंतर वाढवत जाऊन बाळाला धीर देऊन यायचं, ही पद्धत पाश्चात्त्य देशांत रुळलेली आहे. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या फ्लिंडर्स विद्यापीठाने २०१६ मध्ये ६ ते १६ महिन्यांच्या ४३ बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. या पद्धतीने बाळं लवकर झोपायला लागली आणि वर्षभरानंतर आईशी असलेल्या नात्यात किंवा वागण्यात इतर बाळांपेक्षा काही फरक दिसला नाही. मेलबर्नच्या एका अभ्यासातही, तान्हेपणी झोप शिकवलेल्या मुलांमध्ये वयाच्या सहाव्या वर्षी तोटा आढळला नाही. त्यामुळे ही पद्धत क्रूर आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल. तरी आपल्या घरांत ती सहसा का फसते, याचं कारण साधं आहे. आठव्या-नवव्या मिनिटाला आजोबा आत येतात, किंवा शेजारच्या काकू बेल वाजवतात, आणि कुणीतरी उचलतं. नऊ मिनिटं रडलं की उचलतात, एवढंच बाळ शिकतं, आणि दुसऱ्या रात्री नऊ मिनिटं रडायची त्याची तयारी असते. जी पद्धत घरातल्या सगळ्यांना झेपणार नाही ती सुरूच करू नये.

ॲडलेडच्याच अभ्यासात दुसरी एक पद्धत होती, आणि ती एकत्र कुटुंबाला जास्त जमते. बाळाला नऊपासून झोपवायला घेतो आणि ते सव्वादहाला झोपतं, तर मधला सव्वा तास झगडण्यात घालवायचा कशाला? सरळ सव्वादहालाच ठेवायचं. झोपेची ओढ तेव्हा पुरेशी असते, पंधरा मिनिटांत डोळे मिटतात, रडारड जवळजवळ होत नाही. दोन-तीन रात्री असं जमलं की वेळ १५ मिनिटं अलीकडे, आणि असंच पुढे. अट एकच: सकाळी उठवायची वेळ बदलायची नाही. उशिरा झोपलं म्हणून सकाळी नऊपर्यंत झोपू दिलं तर वेळ कधीच मागे येत नाही.

रात्री बाळ कुरकुरलं की लगेच झेप घेऊ नये. हलक्या झोपेत बाळं कण्हतात, चुळबुळ करतात, डोळे अर्धवट उघडतातही. मिनिट-दोन मिनिटं थांबावं. आपण उचलूनच त्यांना जागं करतो, असं कित्येकदा होतं. भुकेची वेळ असेल तर पाजावं, मंद उजेडात, न बोलता. सहा महिन्यांच्या आत रात्रीचं दूध तोडू नये. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत पाजताना आपला डोळा लागत असेल तर उठून पलंगावर जावं. मोठ्या माणसासोबत सोफ्यावर झोपलेल्या बाळाला असणारा धोका इतर कुठल्याही जागेपेक्षा जास्त असतो. पहिले सहा महिने तरी कॉट आपल्याच खोलीत, आपल्या पलंगाला लागून असावा.

घडी बसल्यावरही ती मोडते. वीज गेली की पंख्याची घरघर थांबते आणि त्या शांततेनेच बाळ उठतं. इन्व्हर्टर नसेल तर मोबाइलवर पंख्याचा हळू आवाज लावावा, कॉटपासून दोन मीटर दूर. ताप, सर्दी, दात येणं, गणपतीत गावी जाणं, यात सगळं विस्कटतं. आजारपणात खुशाल मांडीवर झोपवावं. बरं वाटलं की तिसऱ्या दिवसापासून पुन्हा थोपटण्याच्या टप्प्यावर यावं, दुसऱ्या खेपेला निम्म्या रात्रीही लागत नाहीत. आठव्या ते दहाव्या महिन्यात बाळ कठडा धरून उभं राहतं आणि परत बसता येत नाही म्हणून रडतं. रात्री वीस वेळा बसवण्यापेक्षा दिवसा खेळताना गुडघे वाकवून बसायला शिकवावं, दोन-चार दिवसांत येतं. त्याच सुमारास आई दिसेनाशी झाली की घाबरणंही सुरू होतं. मग खुर्ची पुन्हा कॉटजवळ आणावी, हात पुन्हा छातीवर ठेवावा. शिकवलेलं वाया जात नाही.

मूल साधारण ९० सेंटिमीटर उंच झालं, किंवा कठडा त्याच्या छातीच्या खाली आला, किंवा त्याने एक पाय वर टाकायचा प्रयत्न केला, की कॉटचं काम संपतं. ते पडायची वाट न पाहता तीच गादी जमिनीवर, भिंतीपासून थोडी दूर अंथरावी, कपाटं भिंतीला पक्की करावीत, आणि रात्री दाराला आतून कडी लावून घेणार नाही असं बघावं.